२० गुंठ्यांवरचा हिवाळा: उन्हाच्या हिशेबाने गोठा, खुराडं आणि वाफे

जरंडेश्वराच्या डोंगराच्या पश्चिमेला, सातारा तालुक्यात आमचं २० गुंठे रान आहे. एक गाय, चार शेळ्या, पंधरा-वीस गावरान कोंबड्या. पाच गुंठे शाळू (रब्बी ज्वारी), तीन गुंठे गहू, दोन गुंठे हरभरा, आणि घरामागे भाजीचे वाफे. यावर आमचं पोट नाही. आम्ही दोघंही साताऱ्यात नोकरी करतो, घरी सासूबाई असतात. पण दावणीला जनावर बांधलं की त्याचं करणं हौसेपुरतं राहत नाही, ते रोजचं होतं. हिवाळ्यात तर दोनदा विचार करून करावं लागतं.

डोंगर आमच्या पूर्वेला आहे. डिसेंबरात सातच्या सुमाराला उजाडतं, पण आमच्या रानात ऊन उतरायला आठ वाजतात आणि ओढ्याकडच्या कडेला पोचायला साडेआठ. पहिली दोन वर्षं मी उन्हाळ्याच्याच वेळा हिवाळ्यात पाळत होते. सकाळी सातला शेळ्या सोडायच्या, रात्री भरून ठेवलेल्या बॅरलमधलं पाणी गाईपुढे ठेवायचं, वाफे जिथे जागा मिळेल तिथे करायचे. करडं खोकायची, गाय पाण्याला तोंड लावायची नाही, वाटाणा भुरीने पांढरा पडायचा. शेवटी शेजारचे तात्या म्हणाले, “ताई, घड्याळ काय बघताय, ऊन कुठवर आलंय ते बघा की.” तेव्हापासून आमचा सगळा हिवाळा उन्हावर बेतलेला असतो. खाली जे लिहिते आहे ते त्या क्रमानेच.

आधी ऊन मोजा

दिवाळीनंतरचा एक सुट्टीचा दिवस यासाठी ठेवा. वीस-पंचवीस काठ्या घ्या. सूर्य डोंगरावर आला की दर तासाला रानातून फिरा आणि ऊन-सावलीच्या हद्दीवर एकेक काठी रोवा. दुपारी १२ आणि संध्याकाळी ४ या वेळांच्या काठ्या विसरू नका. मग वहीत साधा नकाशा काढा: पहिलं ऊन कुठे, सर्वांत जास्त वेळ ऊन कुठे, दिवसभर सावली कुठे.

हा नकाशा उन्हाळ्यात काढून उपयोग नाही. २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. साताऱ्याच्या अक्षांशावर त्या दिवशी भर दुपारीसुद्धा तो आकाशात साधारण ४९ अंशांपर्यंतच चढतो. म्हणजे १० फुटी भिंतीची सावली दुपारी १२ वाजताही उत्तरेला जवळजवळ ९ फूट पडते. मे महिन्यात जिथे रणरणतं ऊन असतं, ती घरामागची उत्तरेची पट्टी हिवाळाभर ओली आणि गार राहते. आमचे पहिले वाफे नेमके तिथेच होते.

आणखी एक गोष्ट त्याच वहीत टिपा. गार हवा जड असते, ती रात्री पाण्यासारखी उताराकडे जाऊन सखल जागी साठते. पहाटे पाचला एकदा वरच्या बांधापासून ओढ्यापर्यंत चालून बघा, पायांना फरक कळतो. करडांचा वाडा, पिल्लांची पेटी आणि रोपवाटिका त्या खालच्या अंगाला कधीच नको.

आता जागा ठरवायच्या. पहिलं ऊन पडतं तिथे सकाळी शेळ्या आणि वासरू बांधायची जागा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीच्या पायथ्याला रोपवाटिका, कारण ती भिंत दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते. उत्तरेच्या सावलीत सरपण, शेणखताचा खड्डा, अवजारं.

गोठा: कोरडी जमीन, भरलेलं पोट, कोमट पाणी

मोठ्या गाईला आपल्याकडची थंडी फारशी बाधत नाही. वैरण पोटात आंबताना तिच्या अंगात आपोआप उष्णता तयार होते. म्हणून हिवाळ्यात संध्याकाळची वैरण सकाळपेक्षा जास्त ठेवा, आणि तीही कडब्यासारखी सुकी. रात्रभर रवंथ चालू राहिला की गाय उबदार राहते. तिला त्रास होतो तो ओल्या जमिनीचा आणि अंगावर येणाऱ्या थेट वाऱ्याचा.

जमिनीसाठी आपल्या भागात उत्तम सोय आहे: उसाचं पाचट, म्हणजे वाळलेली पानं. हंगाम सुरू झाला की आजूबाजूचे फड रिकामे होतात आणि बरेच जण पाचट पेटवून देतात. त्याआधी बोलून ठेवा आणि बैलगाडीभर आणून टाका. गाईखाली वीतभर थर द्या, रोज सकाळी ओलं झालेलं तेवढं काढा, वरून नवं पसरा. फेब्रुवारीपर्यंत शेण-मूत मुरलेल्या पाचटाचा ढीग खतासाठी तयार असतो.

पाचटाबरोबर वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडेही येतात. ऊसतोडीच्या दिवसांत हिरव्या वाड्याची मोळी सहज मिळते, गाय आवडीने खाते आणि मोह होतो की तीन-चार महिने यावरच काढावेत. तसं करू नका. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते जनावराच्या पोटातला कॅल्शियम बांधून ठेवतं आणि दुभती गाय आतून कमजोर होते. मी वाडं निम्म्यापेक्षा जास्त देत नाही. बाकी मका किंवा घास आणि कडबा. वाड्यावर चुन्याची निवळी शिंपडायची जुनी पद्धत चांगली आहे: चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं स्वच्छ पाणी तेवढं घ्यायचं. शिवाय रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून (भिजवलेल्या पेंड-भुशातून) द्या.

पाण्याचं बघायला सोपं वाटतं आणि चुकतं तिथेच. दुभत्या गाईला दिवसाला ४०-५० लिटर पाणी लागतं. रात्रभर उघड्यावर राहिलेलं बॅरलचं पाणी पहाटे इतकं गार असतं की ती दोन घोट घेऊन मान फिरवते, आणि दोन दिवसांत दूध उतरतं. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी मात्र हवेपेक्षा कोमट असतं. म्हणून सकाळी आधी मोटर, मग पाणी पाजणं. लाईट नसेल तर बॅरल रात्री गोठ्यात, गोणपाटाने गुंडाळून ठेवा आणि ऊन आल्यावरच पाजा.

धारेच्या वेळी कास कोमट पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओले सड गार वाऱ्यात उलतात, भेगा पडतात, मग गाय हात लावू देत नाही. धार झाल्यावर थोडं तूप किंवा व्हॅसलीन चोळा. धार काढून झाली की पुढ्यात वैरण टाकायची, म्हणजे ती अर्धा तास तरी उभी राहते. सडाची तोंडं त्या वेळेत मिटतात, आणि ती उघडी असताना गाय ओल्या जमिनीवर बसली की कासदाह होण्याचा धोका असतो.

पडदे गोणपाटाचे. उत्तर आणि पूर्व बाजूला लावा, पण आढ्याखालची हातभर जागा उघडी ठेवा.

शेळ्या आणि करडं

शेळ्यांच्या बाबतीत एकच नियम मी कुणालाही कळकळीने सांगते: दंव वाळल्याशिवाय चरायला सोडू नका. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या पात्यांवर वर चढलेल्या असतात, ऊन लागलं की खाली जमिनीत उतरतात. सकाळी सातला चरणारी शेळी पाल्याबरोबर त्या अळ्या खाते. आमच्याकडे सासूबाई दहाला शेळ्या सोडतात. तोवर त्या पहिल्या उन्हाच्या जागेवर बांधलेल्या असतात आणि पुढ्यात सुका पाला असतो: तूर काढल्यावरचा भुसा, शेवरीच्या वाळल्या डहाळ्या, भुईमुगाचा वाळलेला वेल.

हिवाळ्यात व्यायला आलेली शेळी असेल तर तारीख आधीच काढून ठेवा. शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवस. शेवटच्या आठवड्यात तिला कोरड्या, आडोशाच्या जागी हलवा. करडू पडल्यावर काय करायचं ते क्रमाने लक्षात ठेवा, कारण त्या वेळी पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि हात थरथरत असतो.

नाकातोंडातला चिकटा फडक्याने पुसा. शेळीला चाटू द्या, पण तिच्यावरच सोडून देऊ नका. सुक्या गोणपाटाने करडू खसखसून कोरडं करा, चोळण्यानेच त्याला ऊब येते. नाळ दोन बोटं ठेवून स्वच्छ ब्लेडने कापा आणि आयोडीनमध्ये बुडवा. मग चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसाला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच किलोच्या करडाला २५० मिली, तीन-चार वेळा विभागून. करडू ओढत नसेल तर चीक पिळून बाटलीने किंवा चमच्याने पाजा. त्याच्या तोंडात बोट घाला: तोंड गार लागलं तर आधी त्याला ऊब द्या, मग पाजा.

करडं थंडीपेक्षा जमिनीलगतच्या वाऱ्याच्या झोताने जास्त आजारी पडतात. त्यांच्या उंचीवर बसून बघा, तुमच्या तोंडावर वारा येतो का? येत असेल तर ती फट बुजवा. आमची करडं आंब्याच्या जुन्या खोक्यात पाचट टाकून झोपतात, अंगावर बारदानाची झूल.

पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी कधी दिल्या ते त्याच वहीत लिहा आणि राहिल्या असतील तर जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. जनावर अडलं तर १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर फोनमध्ये आधीच साठवलेला असावा.

शाळू कापलेल्या रानात शेळ्या-गाय सोडायची घाई नको. कापणीनंतर बुडख्यातून जे कोवळे हिरवे फुटवे येतात ते विषारी असतात. किराळ लागणं म्हणतात ते हेच. जनावर तासाभरात आडवं पडतं. फुटवे दिसले की नांगरून टाकेपर्यंत ते रान बंद.

कोंबड्या

आमची सर्वांत मोठी चूक इथे झाली. पहिल्या हिवाळ्यात पारा दहा-बारा अंशांवर आला म्हणून मी खुराडं चारी बाजूंनी प्लॅस्टिकने बंद केलं. आठवड्यात आतून डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास यायला लागला. तो अमोनिया होता. कोंबड्यांच्या श्वासाची वाफ प्लॅस्टिकवर जमून खाली ठिबकत होती, तूस भिजलं होतं, आणि पाठोपाठ सर्दी आली. पाच कोंबड्या गेल्या. त्यांना थंडीने नाही, कोंडल्याने मारलं.

म्हणून पडदा गोणपाटाचा, खालून बांधलेला आणि वर वीतभर मोकळा. तो संध्याकाळी ऊन गेलं की वर ओढायचा, सकाळी ऊन खुराड्यावर आलं की पूर्ण खाली. जमिनीवर भाताचं तूस चार-पाच इंच, आणि ते दर दोन दिवसांनी खालीवर करायचं. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर तूस ओलं आहे, बदला. गोळा सुटून मोकळा झाला तर ठीक.

कोळशाची शेगडी बंद खुराड्यात किंवा गोठ्यात रात्रभर ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि तो जनावरालाही मारतो, राखणीला झोपलेल्या माणसालाही.

अंडी कमी होतात, त्याने घाबरू नका. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं, तिला १४ तासांच्या वर उजेड हवा आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा. पहाटे दिवा लावून अंडी वाढवता येतात. मी लावत नाही. पिसं गाळून, नवी घेऊन त्या दोन महिने विसावतात, फेब्रुवारीत पुन्हा अंडी देऊ लागतात.

पिल्लं आणली असतील तर त्यांना ऊब लागतेच. पुठ्ठ्याचा गोल करा, कोपरे नकोत, कारण पिल्लं कोपऱ्यात चेंगरून मरतात. दिवा जुन्या पद्धतीचा, तारेचा हवा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. पिल्लामागे दोन वॅट धरा, उंची एक-दीड फूट. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात: दिव्याखाली गर्दी केली तर दिवा खाली घ्या, कडेला पळाली तर वर, सगळीकडे पांगून झोपली तर बरोबर. मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून.

वाफे: भोगीपासून उलटं मोजा

हिवाळी भाजीचं नियोजन मी भोगीपासून मागे मोजत करते. भोगी १३ किंवा १४ जानेवारीला येते आणि त्या दिवशी मिसळीच्या भाजीत जे लागतं ते सगळं आपल्या रानातलं असावं, एवढा माझा हट्ट. गाजराला ९० ते १०० दिवस लागतात, म्हणून ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. हरभऱ्याचे सोलाणे हवेत तर पेरणी ऑक्टोबरच्या मध्याला. वांग्याची रोपं सप्टेंबरच्या सुरुवातीला लावलेली. पावटा पावसाळ्यातच बांधावर टोकलेला असतो. कांद्याच्या पातीसाठी बारके कांदे नोव्हेंबरअखेर पुरायचे. बाजरीची भाकरी आणि तीळ तेवढे विकत.

मेथी दर दहा दिवसांनी एक वाफा. कोथिंबिरीचे धणे चपलेने हलके रगडून दोन भाग करा आणि रात्रभर भिजत घाला. थंडीत तरीही उगवायला दहा-बारा दिवस जातात, उकरून बघू नका. लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावला की मार्चमध्ये निघतो, त्यावर पाचटाचं आच्छादन द्या.

वाफ्यांना पाणी ऊन वर आल्यावर, बुडाला द्या, पानांवर नको. पानं रात्री ओली राहिली की रोग आलाच. वाटाण्यावर भुरीचे पहिले पांढरे ठिपके दिसताच पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला अडीच-तीन ग्रॅम फवारा. वेलवर्गीय पिकांना ते भाजू शकतं, तिथे आधी दोन पानांवर मारून एक दिवस थांबा. ढगाळ हवा आली की मावा येतो. त्याला ५ टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो कुटलेली निंबोळी फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात, सकाळी पिळून १० लिटर करा, थोडा साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा.

कडाक्याची थंडी पडणार असं वाटलं तर आदल्या संध्याकाळी वाफ्यांच्या सऱ्यांना हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त वेळ धरते.

मोठ्या पिकांचं थोडक्यात. गव्हाला गुंठ्याला साधारण एक किलो बी, पेरणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाणी २१, ४२, ६५ आणि ८५ दिवसांच्या आसपास. पहिलं पाणी चुकवू नका, त्या वेळी मुकुटमुळं फुटतात. हरभऱ्याला दोनच पाणी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी. साचलं की मर लागते. घाटे अळीसाठी रानात टी आकाराच्या काठ्या रोवा, पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात.

रात्रपाळीची लाईट, घोणस, बिबट्या

मोटरची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. मी रात्रपाळीच्या आठवड्यात शक्यतो पिकाला पाणी देत नाही, गव्हाची पाळी दोन-तीन दिवस पुढे-मागे करते. जावंच लागलं तर गमबूट, काठी आणि मोठी बॅटरी, आणि एकट्याने नाही.

हिवाळा हा घोणशीच्या जुळणीचा काळ. ती याच दिवसांत जास्त फिरते, सकाळी बांधावर ऊन खात पडते, कडब्याच्या बुचाडात (रचलेल्या ढिगात) शिरते. कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार ऐकला की तिथेच थांबा आणि मागे व्हा. कडब्याची पेंढी आधी काठीने हलवा, मग हात घाला. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. हात-पाय न हलवता १०८ ला फोन आणि प्रतिविष असलेला दवाखाना.

ऊस तुटू लागला की बिबट्याचा आडोसाही कमी होतो. आमच्या शेळ्या दिवस मावळायच्या आत आत असतात. वाड्याला जाळी बाजूंनी आणि वरूनही, कारण तो सहज उडी मारून आत येतो. कुत्रं रात्री साखळीला बाहेर ठेवू नका. उसात बिबट्याची पिल्लं सापडली तर हात लावू नका, लांब व्हा आणि वनविभागाला १९२६ वर कळवा. मादी बहुधा जवळच असते.

हुरडा

सप्टेंबरअखेर पेरलेला शाळू डिसेंबरच्या शेवटी हुरड्याला येतो. दाणा नखाने दाबला की घट्ट दुधासारखा चीक यावा. पाणीच आलं तर चार दिवस थांबा, पिठूळ लागला तर उशीर झाला. संध्याकाळी वारा पडला की हातभर खोल आगटी करा, गोवऱ्या पेटवा, ज्वाळा बसून निखारे लाल झाले की कणसं त्यात पुरा. दोन-तीन मिनिटांत फिरवत काढा, गरम असतानाच पोत्याच्या तुकड्यात चोळा, पाखडा. शेंगदाण्याची चटणी, लसणीची चटणी, गूळ, दही. त्याच आगटीत हरभऱ्याचे डहाळे टाकले की हावळा होतो. उठताना आगटीवर पाणी ओता आणि माती लोटा. कडब्याचं बुचाड जवळ असतं आणि पहाटेचा वारा निखारे उडवतो.

महाशिवरात्रीपर्यंत थंडी जाते असं म्हणतात, आमच्या ओढ्याकाठी ती त्यानंतरही आठवडाभर रेंगाळते. पहाटे गोठ्यात गेल्यावर गाईच्या नाकातून वाफ दिसेनाशी झाली की मी पडदे काढते. गोणपाट दोन दिवस कडक उन्हात उलटसुलट वाळवायचं, झटकायचं, मधे कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळायचं आणि आढ्याला तारेने टांगून ठेवायचं. खाली ठेवलं तर उंदीर कुरतडतात आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा नवं घ्यावं लागतं.